पऱ्हाटीचं स्थळ

आमच्याकडे लाकडी वस्तू घेणारा माणूस आधी ती ठोकून पाहतो. मधल्या बोटाचं पेर वाकवायचं, दोनदा टकटक करायचं, कान थोडा जवळ न्यायचा आणि चेहरा असा करायचा की दुकानदाराने आपणहून दोनशे रुपये उतरावेत. त्या आवाजातून नेमकं काय कळतं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. पण न ठोकता पलंग घेतला, असं सांगणारा माणूस चिखली-मेहकरकडे मला भेटलेला नाही. असेलच एखादा, तर तो ही गोष्ट चारचौघांत बोलत नसणार.

ठोकून झालं की प्रश्न येतो, "लाकूड कोणतं हाये?" इथून पुढे फर्निचर खरेदी संपते आणि स्थळ पाहण्याचा कार्यक्रम सुरू होतो. मुलगी काय करते, स्वभावाने कशी आहे, हे मागाहून. आधी कुळ सांगा, मूळ गाव सांगा. साग म्हणजे घरंदाज, त्यात वाद नाही. त्यातही 'सीपी'चा साग म्हटलं की माना डोलतात. सीपी म्हणजे सेंट्रल प्रोव्हिन्सेस, इंग्रजांचा मध्य प्रांत. हा प्रांत १९५० साली नकाशावरून गेला, पण लाकडाच्या वखारीत अजून त्याचा कारभार चालू आहे. बाभूळ कष्टाळू घराण्यातली. तिफण, वखर, बंडीचं चाक तिनेच करायचं, दिवाणखान्यात मात्र यायचं नाही. कडूनिंब स्वभावाने कडू, म्हणून उधई त्याच्या वाटेला जात नाही. सातपुड्याच्या पायथ्याचा अंजन इतका ताठ की खिळा वाकेल, पण तो वाकणार नाही. चिंचेचा संबंध भुताखेतांशी. घराच्या दाराला ती नको, खाटकाच्या ठोकळ्याला चालते. उंबर आणि पिंपळ ही देवमाणसं, त्यांना चुलीत घालायची छाती कुणाची? बांबू कामाचा खरा, पण तिरडीला लागतो म्हणून जरा लांबच बरा. तो जाळला तर वंश बुडतो, ही भीती वेगळी.

या एवढ्या गोतावळ्यात एका लाकडाला मात्र कुणी लाकूडच म्हणत नाही. ते म्हणजे पऱ्हाटी, कापूस वेचून उरलेलं झाड.

बुलडाणा जिल्ह्यात माणसं दोन प्रकारची, घाटावरची आणि घाटाखालची. घाटावर आता सोयाबीनचं राज्य. कापूस खरा घाटाखालचा, पूर्णेच्या काळ्या जमिनीतला. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. खामगावच्या कापसासाठी इंग्रजांनी जलंबपासून तेरा किलोमीटरचा रेल्वेफाटा टाकला आणि १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो उद्घाटनाला आला. म्हणजे कापसाच्या वाट्याला व्हाइसरॉय आला. सरकीच्या वाट्याला तेलाचा घाणा आला, ढेपेच्या वाट्याला म्हैस आली. भेंडवळच्या घटमांडणीत अक्षय्य तृतीयेला जी धान्यं मांडतात त्यातही सरकीला जागा आहे. पऱ्हाटीच्या वाट्याला फक्त काडीपेटी आली. वेचणी संपली की चिमटा लावून ती उपटायची, थोडी चुलीसाठी घरी आणायची, थोडी धुऱ्यावर रचायची आणि उरलेली तिथल्या तिथे पेटवून द्यायची. हेक्टरी दोन-तीन टन हा माल निघतो. देशाचा हिशेब केला तर वर्षाला अडीच कोटी टनांच्या वर जातो. तो शेतात तसाच उभा राहिला तर गुलाबी बोंडअळी त्यात सुखाने मुक्काम करते आणि पुढच्या हंगामात आपल्या मुलाबाळांसह हजर होते. २०१७ च्या हंगामात विदर्भाने तिचा पाहुणचार पुरता अनुभवला.

मुंबईत माटुंग्याला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे, १९२४ पासूनची. तिथल्या शास्त्रज्ञांनी पऱ्हाटीची पत्रिका नीट तपासली, तेव्हा निघालं भलतंच. तंतूंच्या रचनेत पऱ्हाटी चांगल्या कठीण लाकडांशी मिळतीजुळती आहे. कुळ उत्तम, फक्त आपण कधी विचारलं नाही. मग त्यांनी तिचे बारीक तुकडे केले, वाळवले, त्यात चिकटद्रव मिसळला आणि तापवलेल्या दाबयंत्रात ते मिश्रण दाबून पार्टिकल बोर्ड केला. नागपूरच्या त्यांच्या जिनिंग प्रशिक्षण केंद्रात प्रात्यक्षिकासाठी छोटा कारखानाही उभा राहिला. त्याला अ‍ॅमस्टरडॅमच्या एका निधीचं पाठबळ होतं, म्हणजे पऱ्हाटीची बातमी थेट तिथपर्यंत पोहोचली होती. घाटाखाली पोहोचायची राहिली.

अशाच एका बोर्डाचा वीतभर तुकडा नागपूरच्या मित्राकडून माझ्याकडे आला. मी तो मुद्दाम ओसरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत राहील असा ठेवला. फिकट तपकिरी रंग, मधूनमधून सालीचे काळपट ठिपके, कडेने पाहिलं तर बारीक-जाड तुकड्यांचे थर. वरचा-खालचा थर बारीक, मधला जाडसर.

पहिले आले आमचे नाना. त्यांनी रीतीप्रमाणे ठोकला.

"आवाज त बरा हाये. लाकूड कोणतं?"

"पऱ्हाटी."

नानांनी तुकडा खाली ठेवला आणि धोतराला हात पुसले. "म्हणजे जयतन."

मी त्यांना यंत्र, दाब, उष्णता, सगळं समजावून सांगितलं. तुकडे एकमेकांना चिकटावेत म्हणून युरिया फॉर्मल्डिहाइड नावाची राळ वापरतात, हेही सांगितलं. पुढचं काही त्यांना ऐकू गेलं नाही. "बोर्डाले बी युरिया? आम्ही कृषी केंद्रापुढं रांगेत उभे राहतो, अन् हे लोक फळ्या चिकटवून राह्यले?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण नानांच्या त्या वर्षीच्या तुरीकडे पाहून मी ते दिलं नाही.

नंतर मिस्तरी आले. मिस्तरी मूळचे राजस्थानचे, पण पंचवीस वर्षं इथेच फर्निचर करतात आणि मराठी माझ्यापेक्षा शुद्ध बोलतात. त्यांनी ठोकलं नाही. तुकड्याच्या कडेत एक स्क्रू पिळला, काढला, पुन्हा तिथेच पिळला. दुसऱ्यांदा पकड सैल झाली. "कडेला स्क्रू धरत नाही, सपाटीला धरतो," त्यांनी निकाल दिला. "पण काम होतं याच्यात. कपाटाचं आतलं काम होतं. फक्त गिऱ्हाइकाला सांगायचं नाही." मिस्तरींची लाकडाची दुनिया आकड्यांची आहे. ओल्या जागेला 'सातशेदहा', बाकीला 'तीनशेतीन'. हे मरीन प्लाय आणि साध्या प्लायच्या आयएसआय मानकांचे क्रमांक. हे क्रमांक ते आपल्या नातवंडांच्या जन्मतारखांपेक्षा जास्त खात्रीने सांगतात.

आमच्या काकूंनी कुणाशी चर्चा केली नाही. रात्री तुकडा पाण्याच्या बादलीत टाकला. सकाळी काढला तेव्हा तो चांगला गुबगुबीत झाला होता आणि एका कोपऱ्यातून भुसा सुटायला लागला होता. "हे पाह्य," एवढंच बोलून त्या अंगणात सडा टाकायला गेल्या. माटुंग्याच्या प्रयोगशाळेतही बोर्ड पाण्यात बुडवून किती फुगतो ते मोजतात. तिथे त्याला चाचणी म्हणतात, आमच्याकडे बादली म्हणतात.

एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नव्हती. नानांचा जन्म ज्या घरात झाला, त्याच्या मधल्या भिंती कुडाच्या होत्या. आमच्याकडचा कुड म्हणजे पऱ्हाट्या उभ्या-आडव्या दाटीने बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी शेणमातीचा गिलावा द्यायचा. आतून पऱ्हाटी, वरून चिकट थर, दाब द्यायला आजीचा तळहात. उन्हाळ्यात गार, फुटला तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त. तीन पिढ्या या कुडाआड जेवल्या, झोपल्या, भांडल्या. म्हणजे पऱ्हाटीच्या बोर्डाचं पेटंट कुणाला द्यायचंच असेल, तर ते आमच्या आजीचं. मी हे नानांना म्हटलं. ते म्हणाले, "तो कुड होता. गरिबी होती म्हणून होता. आता पैसे देऊन कुड घ्याचा?"

मला वाटतं, सगळा पेच या वाक्यात आहे. पऱ्हाटी नानांना अनोळखी नाही, उलट फारच ओळखीची आहे. जी पोरगी लहानपणापासून अंगणात शेण गोळा करताना पाहिली, तिचंच स्थळ शहरातून फोटोसह सांगून आलं, की मन तयार होत नाही. उसाचं तसं नाही. पश्चिम महाराष्ट्रात चिपाडापासून बोर्ड बनले आणि खपलेही. पण उसाचं सगळंच वेगळं असतं. त्याच्या चिपाडामागेसुद्धा एक चेअरमन उभा असतो.

पऱ्हाटीच्या कांड्या करून त्याचा 'पांढरा कोळसा' विकतात, त्याबद्दल मात्र कुणाची तक्रार नाही. बॉयलरमध्ये जाळायलाच नेतात ना, मग ठीक आहे. जळण हा तिचा धर्म, तो तिने सोडला नाही. बोर्ड झाली की ती आपली पायरी सोडते.

याचा अर्थ आमचे लोक नव्याला नाही म्हणतात, असा कुणी काढला तर तो चुकेल. लाकडी तिफण जाऊन लोखंडी आली तेव्हा कुणी हळहळलं नाही. सुताराने स्वतःच वेल्डिंगचं मशीन घेतलं आणि रंध्याला गंज चढू दिला. बंडीच्या आऱ्या जाऊन रबरी टायर आले, बैलांनीसुद्धा विरोध केला नाही. २००२ मध्ये बीटी कापूस आला आणि काही वर्षांत देशी वाण शोधून सापडेना. जनावरांची हाडं-कातडी उकळून केलेला सरस चुलीवर तापवताना घरभर घाण वास सुटायचा. १९५९ साली बाजारात फेविकॉल आला आणि सरस कधी गेला ते कुणाला कळलंही नाही. जिथे काम हलकं होतं किंवा दाम वाढतं, तिथे आमचा शेतकरी चार पावलं पुढेच असतो.

पण जंगल आणि झाडं यांच्या बाबतीत त्याला आजवर जे 'नवीन' म्हणून दाखवलं गेलं, त्याची यादी जरा आठवून पाहा. सुबाभूळ आली ती कल्पवृक्ष म्हणून. मणिभाई देसाईंच्या 'बाएफ'ने उरुळी कांचनहून तिचा प्रसार केला. चारा, सरपण, खत, सगळं एका झाडात, आणि जनावरांना चारा खरंच मिळाला. पण ती नाल्यात, धुऱ्यावर, शाळेच्या मागे, जिथे नको तिथे उगवत राहिली आणि आता तिचं नाव तक्रारीतच येतं. १९८२ साली सामाजिक वनीकरण आलं, त्याच्या पाठोपाठ निलगिरी आली. मग नव्वदीत सागवान कंपन्या आल्या. चकचकीत माहितीपत्रकात दोन रोपं, शेजारी हसणारं कुटुंब आणि वीस वर्षांनी मिळणाऱ्या लाखांचा आकडा. कित्येक मास्तरांनी आणि तलाठ्यांनी भविष्य निर्वाह निधीतून झाडं 'विकत' घेतली. ती झाडं त्यांनी कधी पाहिली नाहीत. १९९९ मध्ये सेबीने सामूहिक गुंतवणुकीचे नियम आणले, तोवर पुष्कळांच्या सागाला पानगळ लागून गेली होती. पुढे २०१९ मध्ये राज्यात तेहतीस कोटी झाडं लावायचं ठरलं. आकडा ऐकूनच लोकांनी हात जोडले, कारण तेहतीस कोटी म्हटलं की हात जोडायची आपल्याला सवयच आहे. एवढं सगळं पाहिलेल्या माणसाने नवा बोर्ड बादलीत बुडवून पाहिला, तर त्याला मागासलेला कसं म्हणायचं?

आणि मानाचं काय? २०२३ चा मार्च महिना घ्या. त्या महिन्यात आपल्याच विदर्भात लाकडाच्या दोन गोष्टी घडल्या. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी चंद्रपूरच्या जंगलातला साग निघाला आणि २९ तारखेला बल्लारपूर-चंद्रपुरात त्याची वाजतगाजत शोभायात्रा निघाली. पूजा झाली, गर्दी झाली, टीव्हीवर आलं. त्याच महिन्यात, तिथून फार लांब नाही अशा वणी-वरोरा महामार्गावर दोनशे मीटरचा एक कठडा बसवल्याची घोषणा झाली. तो बांबूचा आहे. बाल्कोआ जातीचा बांबू क्रिओसोट तेलात मुरवून, वर पुनर्वापराच्या प्लास्टिकचा लेप देऊन केलेला. पिथमपूरला त्याच्या धडकेच्या चाचण्या झाल्या. नाव ठेवलं 'बाहू बल्ली'. लोखंडाच्या जागी बांबूचा असा कठडा जगात पहिलाच, असं सरकारने सांगितलं. आमच्याकडे बातमी वाचणाऱ्याचा पहिला शब्द होता, "बांबूनं गाडी थांबते का कुठी?" दुसरा शब्द इथे छापण्यासारखा नाही, कारण बांबूबद्दल मराठी माणूस फार वेळ गंभीर राहू शकत नाही.

बांबूची तर कायद्यानेही गंमत केली. वनस्पतिशास्त्रात तो कायमचा गवत. १९२७ च्या वन कायद्यात तो झाड होता, म्हणून आपल्याच शेतातला बांबू तोडायला आणि न्यायला परवान्यांची कटकट. २०१७ मध्ये त्याला झाडांच्या व्याख्येतून वगळलं, तेव्हा कुठे शेतकऱ्याच्या बांधावर तो मोकळा झाला. साग मात्र आजही आपल्या शेतात असला तरी तोडायला परवानगी लागते. घरंदाज स्थळाच्या मागण्या जास्त, हे इथेही खरंच.

नॉर्वेत ब्रुमुंडाल नावाच्या गावात २०१९ साली अठरा मजल्यांची, पंच्याऐंशी मीटर उंच लाकडी इमारत उभी राहिली. लाकडाच्या फळ्या एकावर एक चिकटवून तयार केलेल्या तुळयांवर ती पेलली आहे. म्हणजे तत्त्व तेच, तुकडे आणि चिकटवणं, फक्त मजले अठरा. हे मी एसटी स्टँडवर चहा घेताना सांगितलं. तिघांनी तीन प्रश्न विचारले. "उधई?" "आग?" "लिफ्ट हाये का?" तिन्ही प्रश्न रास्त होते आणि पहिल्या दोहोंवर जगभरचे अभियंते आजही काम करत आहेत. तिसऱ्याचं उत्तर मला येत होतं.

नवं लाकूड आमच्या घरात शिरतं ते कसं, हे आता मला कळलंय. ते वेश पालटून शिरतं. प्लायवूड प्लायवूड म्हणून कुणी घेतलं नाही. वर सागाच्या रेषा छापलेला सनमायका चढवला आणि ते 'सागवानी' झालं. देवांच्या बाबतीत तर आम्ही आणखी उदार. एमडीएफच्या पाटीवर सीएनसी मशीनने जाळी कोरलेले, मागे दिवा लावलेले देव्हारे आज गावोगावी दिसतात. एमडीएफ म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेली फळी. त्यात बसलेल्या बाळकृष्णाने अजून कुळ विचारलेलं नाही. खामगावात तर मानाचा गणपतीच लाकडी आहे. विसर्जनाच्या मिरवणुकीत तो सगळ्यांच्या पुढे असतो आणि लाकडी असल्यामुळे त्याचं विसर्जन होत नाही. पुढच्या वर्षी लवकर ये, असं त्याला सांगावं लागत नाही, कारण तो गेलेलाच नसतो. टिकाऊ लाकडाला आमच्याकडे देवत्वापर्यंत वाट मोकळी आहे. अट एकच, आधी टिकून दाखव.

आमच्या नानांच्या घरी टीव्हीचं मोठं कपाट आहे, जावयाने दिलेलं. परवा त्याच्या मागची वायर बदलायला मिस्तरी आले, तेव्हा मागची पाटी उघडली. आत सगळा पार्टिकल बोर्ड. कडांना पट्टी, समोर सागाची छपाई. मी नानांकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "हे दुकानातून आणलं हाये." आणि मग थोड्या वेळाने, वायरीकडे बघत, "पाण्यापासून लांब हाये ना."

पऱ्हाटीचा बोर्ड आपल्याकडे वाढला नाही, याचं खापर नानांच्या माथी फोडायला मी तयार नाही. खरी अडचण आधीची आहे. पऱ्हाटी फुगीर. ट्रॉली गच्च भरली तरी वजन भरत नाही, आणि अर्ध्या वाटेत डिझेलचा हिशेब तोट्यात जातो. शेतातच तुकडे करणारं यंत्र हवं, ते भाड्याने मिळायला हवं, ती वाळवून वर्षभर ठेवायला जागा हवी आणि दर उपटणीच्या मजुरीपेक्षा जास्त हवा. उद्या जिनिंगच्या गेटवर कापसाशेजारी पऱ्हाटीचा काटा लागला आणि हातात रोख पैसे पडले, तर घाटाखाली एकही शेतकरी धुऱ्यावर काडी ओढणार नाही. नानाही नाही. ते फक्त युरियाबद्दल एकदा बोलतील.

तोवर, फर्निचर घ्यायला जाल तेव्हा आतला माल काय आहे ते स्पष्ट विचारा आणि दुकानदाराला लाजू देऊ नका. पार्टिकल बोर्ड असेल तर आयएस ३०८७ हा क्रमांक मागा. त्या मानकात लाकडाबरोबर इतर वनस्पतींच्या काड्याकुड्यांचाही समावेश आहे, म्हणजे पऱ्हाटी कायद्याने केव्हाच घरात आलेली आहे. उघड्या कडांना पट्टी मारून घ्या, स्क्रू सपाटीला घ्या, ओल आलेल्या भिंतीला कपाट टेकवू नका. आणि मोरीशेजारी किंवा स्वयंपाकघरातल्या सिंकखाली हा बोर्ड मुळीच लावू नका, तिथे सातशेदहाच हवा.